दुसरी नजर

माझ्या ताईच्या नजरेतून काही सुटत नाही, हे घरात सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. डब्यातली साखर बोटभर खाली गेली तरी तिला चोर कळायचा. पुढे याच नजरेवर तिचं घर चाललं. इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात ती सरकत्या पट्ट्याशी बसायची आणि केसाएवढी चीर गेलेली बाटली दिव्यासमोर धरून बाजूला काढायची. चीर गेली की आत हवा शिरते, औषध नासतं, आणि टोचून घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

तिची मुलगी पदवी घेऊन दोन वर्षं घरात बसली होती. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. "काय चाललंय सध्या?" असं कुणी विचारलं की पोरगी ताटावरून उठायची. मला त्या विचारणाऱ्यांचा असा संताप यायचा!

मग तरुणांसाठी सरकारी योजना आली. सहा महिने कारखान्यात शिकायचं, विद्यावेतन सरकार देणार. लोक आवळा देऊन कोहळा काढतात. मालकाला तर आवळाही द्यावा लागला नाही. जुन्या बायका एकेक करून घरी गेल्या आणि त्यांच्या जागी शिकाऊ मुली बसल्या, त्यात माझी भाचीही. त्यांनी तपासलेलं पुन्हा तपासायला फक्त ताई उरली.

"बाई, यांतली एकच कायम करायची आहे," सुपरवायझर म्हणाला. "जिच्या हातून कमी सुटतील ती. कुणाच्या किती सुटल्या, ते तुम्ही सांगायचं."

ताईने शिकवण्यात कसूर केली नाही. पण नजर बसायला वर्ष जातं, आणि योजनेला तेवढा धीर नव्हता. त्यात पट्ट्याचा वेग वाढवलेला. भाचीच्या हातून इतरांपेक्षा जास्तच सुटत होत्या. ताईने बाजूला काढलेली बाटली सुपरवायझरला दिसली असती. म्हणून पट्ट्यावर मुलगी बसलेली असली की ताई दिसलेली चीर तशीच पुढे जाऊ द्यायची.

"अगं, एखाद-दुसरीच," ती मला म्हणाली. "पोरगी परत घरात बसलेली मला नाही बघवणार."

"आणि ती बाटली ज्याला टोचतील तो?"

ती भांडी घासत राहिली. मी खूप चिडले तिच्यावर, आणि मला तिची भीतीही वाटली.

भाची कायम झाली. बाकीच्या मुलींची योजना संपली. लगेचच सुपरवायझरने ताईला बोलावलं.

"कमाल केलीत, बाई! लेकीच्या हातून एकही सुटत नाही. मग आता तिच्यामागे दुसरं माणूस कशाला?"

ताईने खरं सांगावं, तर पोरीची नोकरी जाणार. तिने डबा उचलला आणि ती कायमची घरी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता सगळा पट्टा एकट्या भाचीसमोरून जातो. ताईच्या वेळी असा दिवस नव्हता की पाच-सहा तरी फुटक्या निघाल्या नाहीत. रोज संध्याकाळी पोरगी दारात चपला काढते न काढते तोच ताई विचारते, "आज किती सापडल्या?"

"एकही नाही, आई," पोरगी हसत सांगते. "सगळ्या चांगल्या होत्या."