डाव्या कोपऱ्यातला पास

"पाठीला कळतंया गड्या," असं म्हणून तो मागे न बघता चेंडू सोडायचा आणि चेंडू ज्याच्या हातात जायला हवा, नेमका त्याच्याच हातात जायचा. समोरच्या टीमचे पाचही जण त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचे आणि फसायचे. तुमच्याही कॉलेजात असा एखादा असेल, ज्याच्या जिवावर बाकीचे चौघे स्वतःला खेळाडू समजायला लागतात. आम्ही त्या चौघांतले.

कराडचं आमचं कॉलेज लहान. बास्केटबॉलला सिमेंटचं एकच मैदान, तेही तडे गेलेलं, आणि रिंगेला जाळी नाही. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर तो जतकडून शिकायला आला. घरची निम्मी मेंढरं दुष्काळात मेली, म्हणून एक पोरगा मोकळा झाला, असं तोच सांगायचा. उंची सव्वासहा फूट. त्याच्या मापाचे बूट कराडात मिळेनात, त्यामुळे पहिलं वर्ष तो अनवाणीच खेळला. हॉस्टेलच्या कॉटबाहेर त्याचे पाय इतके यायचे की खोलीत शिरणारा आधी त्यांनाच धडकायचा.

हे पाठीचं गौडबंगाल काय आहे, असं मी त्याला एकदा विचारलं.

"आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत रं. आपण म्होरं चालायचं. कोण मागं ऱ्हायलं ते पाठीला कळतंया. वळून बघितलं की चुकतंया."

"आणि एखादं मेलं तर?"

"त्येबी येतंया की मागनं चार दिस. मग येत न्हाई."

मी हसलो. तो हसला नाही.

डाव्या कोपऱ्यात दिनकर खेळायचा. त्याच्याच खोलीत राहणारा, शिडशिडीत, लाजाळू पोरगा. दोघांचं भारी गूळपीठ. दुसऱ्या वर्षी दिनकर दिवाळीला गावी गेला, तिकडे कावीळ झाली आणि त्यातच तो वारला. त्याची जागा मला मिळाली. दोन वर्षं मी बाकावर बसून कुणाचा तरी पाय मुरगळायची वाट बघत होतो. अशी जागा मिळावी असं मनात नव्हतं, पण मिळाल्यावर मला आनंद झालाच. ते आता लपवून काय उपयोग?

पहिल्याच संध्याकाळी आमच्या उंच गड्याचा पास माझ्यापासून दोन पावलं आत पडला. दुसराही तिथेच. तिसराही. त्याचा नेम चुकलेला आम्ही कुणीच कधी पाहिला नव्हता. मी ओरडलो, "अरे, मी इकडे आहे!"

"तू हायस की," तो शांतपणे म्हणाला. "पर त्योबी हाय."

तो दिनकरबद्दल बोलतोय, हे मला कळलं. मेंढरासारखाच चार दिवसांनी जाईल म्हटलं, तर पंधरा दिवस झाले तरी तेच. शेवटी मी एक युक्ती काढली. दिनकर जिथे उभा राहायचा, तिथेच दोन पावलं आत जाऊन उभा राहिलो. पास थेट हातात आला. आम्ही सामने जिंकायला लागलो आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. फक्त एक होतं. त्या जागेवर पाऊल टाकलं की कुणीतरी सरकून मला जागा करून देतंय असं वाटायचं. एस.टी.च्या बाकावर शेजारचा अंग चोरून घेतो ना, तसं. उन्हातही माझा डावा खांदा गार पडायचा. मी हे कुणालाच सांगितलं नाही.

सांगलीच्या सामन्याला माधवनगरच्या एका गिरणीचे साहेब येणार होते. गिरणीच्या टीमला उंच खेळाडू हवा होता आणि निवडलेल्याला तिथेच नोकरी मिळणार होती. त्याच्या बापाचा निरोप आला होता, की नोकरीचं झालं तर ठीक, नाहीतर कॉलेज सोडून मेंढरांमागे ये.

"मला गिरणीत जायचंय गड्या," सांगलीला जाताना तो म्हणाला. "जलमभर छपराखाली निजायचंय."

भर दुपारचा सामना. आमचे निम्मे गुण त्याने एकट्याने केले. शेवटचे काही सेकंद राहिले, तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू त्याच्या हातात, तिघे त्याच्या अंगावर, आणि मी दिनकरच्या जागेवर अगदी मोकळा. त्याने न बघता चेंडू सोडला. तो माझ्या खांद्याजवळून पलीकडे, कोपऱ्यातल्या रेघेवर गेला. तिथे कुणी नव्हतं. चेंडू छातीच्या उंचीला क्षणभर थबकल्यासारखा मला दिसला. शपथेवर नाही सांगणार, पण दिसला. मग तो रेघेबाहेर जाऊन पडला आणि आम्ही हरलो.

"अरे, मी इथं होतो!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"तू त्येच्या जाग्यावर हुबा ऱ्हायलास," तो म्हणाला. "मग त्यो तिकडं सरकला. त्येनं तरी कुठं जायाचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझीच मान खाली गेली.

एवढ्यात गिरणीचे साहेब आमच्या सरांजवळ आले. "पोरगा हिरा आहे तुमचा," ते म्हणाले. "शेवटची चूक त्याची नव्हे. पास चोख होता. त्या कोपऱ्यातल्या पोरानं हात आखडले."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा?"

"हा नव्हे हो. ह्याच्या पलीकडचा, शिडशिडीत. मी त्याच्याकडेच बघत होतो. असल्या पोरामुळं चांगल्या खेळाडूचं नुकसान होतं."

सरांनी आम्हाला एकेक करून मोजलं. मैदानावर आम्ही पाचच होतो आणि पाचही जण साहेबांसमोर उभे होतो. त्याने फक्त 'व्हय' म्हणायचं होतं, नोकरी हातात होती. मी मनात म्हणत होतो, म्हण बाबा, एकदा म्हणून टाक.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "त्येनं हात म्होरं केलं हुतं. म्याच लांब टाकला. दोन म्हैनं झालं, माजं पास असंच चुकत्यात."

"बरं, कळवतो," साहेब म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी काही कळवलं नाही.

त्याच संध्याकाळी सांगलीच्या स्टँडवर तो आमच्याबरोबर कराडच्या गाडीत चढला नाही. जतची गाडी लागली होती, तो बापाच्या मेंढरांमागे निघाला होता. मी त्याचा हात धरला. "मेलेल्या माणसासाठी नोकरी घालवलीस तू!"

"मेला म्हणून त्येच्यावर ढकलायचं व्हय रं?" त्याने माझा हात हळूच सोडवला.

गाडीला गर्दी होती. दाराशी पोचल्यावर तो एका अंगाला झाला आणि दार धरून थांबला. "आरं, चढ की!" मागचा फेटेवाला म्हातारा खेकसला. तो ढिम्म हलला नाही. आधी कुणालातरी वर चढू द्यावं, तेवढा वेळ तो थांबला आणि मग वाकून आत गेला.

गाडी सुटली. मला रडू आवरेना. मी हात हलवत राहिलो, दोघांनाही.