भागीरथीनं कानबाई तळ्यावर नेली

भेस्तानच्या पलीकडच्या त्या गावात पटेलांची मोजकी घरं, हळपती शेतमजुरांचा मोहल्ला, आणि बाकी सगळ्या चाळी: खानदेशी, ओडिया, बिहारी. लूमचा खडखडाट सगळ्यांना सारखाच. तळं मात्र पटेलांचं, असं पंचायतीचा मेंबर हसमुखभाई म्हणायचा.

तीन श्रावणांपूर्वी भागीरथी कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघाली, तर तळ्याच्या फाटकाला कुलूप. "तमारी देवी तमारे गाम लई जाव," हसमुखभाई म्हणाला आणि तिच्यादेखत पिंक टाकली. देवी रिक्षात घालून तापीवर न्यावी लागली. रिक्षात! त्यापेक्षा चार लोकांत थोबाडीत खाल्लेली परवडली.

"माय, जाऊ दे ना," लेक सोनाली म्हणाली.

"मी त्याले सोडाव नही."

भागीरथीचं काम साड्यांवर टिकल्या चिकटवायचं. कारखान्यातून गठ्ठे आणायचे, चाळीचाळीत बायांना वाटायचे. कुणाचा उंबरा तिला परका नव्हता. आता गठ्ठ्याबरोबर ती मतदारयादीत नाव घालायचा फॉर्मही द्यायला लागली. आणि हसमुखभाईची अक्कल बघा, त्यानं छठला बिहारी बायांनाही तळ्यावरून हाकललं होतं, विश्वकर्म्याची मूर्ती घेऊन आलेल्या ओडियांनाही. एकट्या भागीरथीला छळलं असतं तर मेंबरकी टिकली असती.

"मराठी बाई शुं करशे?" भर चौकात तो हसला. निवडणुकीत भागीरथी त्याच्याच वॉर्डात उभी राहिली. मोजणीच्या दिवशी त्याला मागच्या दारानं जावं लागलं.

यंदा कानबाईच्या सोमवारी सकाळी त्यानं पुतण्याच्या हाती चावी पाठवली.

"चावी नको," भागीरथी म्हणाली. "काकांना पाठव."

डोक्यावर देवी, वर ऊन. बाया फाटकापुढे फुगड्या घालत राहिल्या. तासाभरानं हसमुखभाई आला, मान खाली घालून कुलूप काढलं.

"बस, बेन?"

"नाही, भाई. फाटक पण घेऊन जा."

ओडिया पोरांनी ते बिजागरीतून उचकटून त्याच्या टेम्पोत टाकलं. एक बिहारी बाई खदखदून हसली.

"माय, आता तरी पुरे कर," सोनाली कुजबुजली.

भागीरथी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. कानबाईला सोडताना बाया लेकराबाळांची खुशाली मागतात. तिनं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, पुढच्या खेपेला त्याचं डिपॉझिटसुद्धा जाऊ दे."