अक्काची साक्ष

रूथअक्काच्या दारात पहिल्यांदा जाणाऱ्याला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. "पूर्ण नाव सांग. बापाचं? गाव कोणतं?" शहराच्या छावणी भागात मी तिच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी साखर मागायला गेले, तर आजोळच्या गावापर्यंत सगळं सांगून झालं आणि साखर राहिलीच. मला असा राग आला! म्हटलं, ही बाई आहे की पोलीस चौकी? पुढे माझी आई आजारी पडली तेव्हा अक्कानं रविवारच्या उपासनेत आईचं नाव-गाव घेऊन प्रार्थना केली आणि मला येऊन सांगितलं, "देवाला पत्ता नीट द्यावा लागतो, सुमे. नुसतं 'शेजारणीची आई' म्हणलं, तर कोणत्या शेजारणीची?"

अक्का कन्नड तालुक्यातली. बाप मेंढरं राखायचा आणि एकेका मेंढराला नावानं हाक मारायचा, असं ती अभिमानानं सांगे. नवरा सत्यवान, आमच्या गल्लीच्या टोकाच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. भला माणूस, पण उपासना सोडली तर तोंडातून शब्द निघायची मारामार. सगळा कारभार अक्काकडे. मंडळीचं रजिस्टरही तीच लिहायची: कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला माती दिली. अक्षर असं, की मी माझ्या शाळेतल्या पोरांना नेऊन दाखवावं. कोपऱ्यावरचे टेलर रहीमभाई म्हणायचे, "पाळकीणबाई, आपने लिख दिया तो समझो पत्थर की लकीर."

पन्नाशीला टेकल्यावर या दोघांना मिशनरी म्हणून आफ्रिकेत पाठवलं. मुलगी शेरन चौदा वर्षांची, तीही गेली. देशाचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल. दर रविवारी फोन यायचा. "इथं ज्वारी हाय गं, अगदी आपल्यासारखी. पण ही माणसं भाकर करीत नाय, पिठाचा घाटाच शिजवून खातेत. मी बायांना भाकर थापाया शिकवली, तर हसून हसून लोळल्या." तिथंही तिनं रजिस्टर सुरू केलं होतं, इंग्रजी अक्षरांत. नाव, बापाचं नाव, गाव. आणि तिकडच्या जुन्या पाळकानं सांगितलं म्हणून आणखी एक रकाना: जमात.

मग तिथं सरकार पडलं. बंडखोर एका जमातीचे आणि ते दुसऱ्या जमातीच्या माणसांना हुडकून मारत सुटले. अकरा दिवस अक्काचा फोन लागेना. मी रोज पाळकांच्या भावाकडे जाऊन विचारायची आणि तो नुसती मान हलवायचा. बाराव्या दिवशी शेरनचा निरोप आला, "आम्ही विमानात बसलो." मी भर वर्गात रडले.

इथं आल्यावर चर्चनं हार घातले, पेढे वाटले. त्यांच्यात पद्धत आहे, देवानं संकटातून काढलं की मंडळीसमोर उभं राहून ते सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. तिसऱ्या रविवारी अक्काची साक्ष होती. मीही गेले, रहीमभाई बाहेर पायरीवर बसले. सगळ्यांना थरारक काहीतरी ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही.

अक्का उभी राहिली. हातात काही नाही, आवाज अगदी साधा.

"निघायच्या आदल्या दिवशी पाळक म्हणले, रजिस्टर इथंच पुरून टाकू. मी म्हणलं, नाय. मंडळीचं रजिस्टर टाकून पळालेल्या पाळकाला लोक काय म्हणतील? उद्या कुणाला लग्नाचा दाखला लागला तर? म्या ते साड्यांच्या घडीत बांधून घेतलं. वाटंत बंडखोरांची चौकी लागली. विशीतलं एक पोरगं. त्यानं बॅग उपसली. बायबल डोळ्याला लावून परत दिलं. रजिस्टर उघडून पान पान वाचलं. अन् ठेवून घेतलं. मला 'थँक्यू' म्हणला."

ते "थँक्यू" मला आजही ऐकू येतं.

"लई सुंदर लिहिलं होतं म्या," अक्का म्हणाली. "कुणालाबी वाचता यावं असं."

पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे गृहस्थ घाईनं उठले. "पण बाई, देवानं तुम्हाला वाचवलं ना!"

"आम्हाला व्हय. अन् त्या पानावरच्यांना?"

साक्षीच्या शेवटी सगळे 'आमेन' म्हणतात. त्या दिवशी कुणाच्या तोंडून फुटलं नाही.

महिन्याभरात शेरनच्या फोनवर बातम्या येऊ लागल्या. बंडखोर पानं हातात घेऊन गावात शिरले होते. नाव पुकारायचं आणि घरातून ओढून काढायचं. काही माणसं मारली गेली. बाकीची सीमा ओलांडून शेजारच्या देशात तंबूंमध्ये राहत होती. अक्का जेवेनाशी झाली. मग एके सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मी जाती. त्यांच्या तोंडावर सांगाया पायजे, की यादी म्या नेली."

"अगं, वेड लागलंय का तुला? फाडून खातील!" मी अक्षरशः ओरडले. "तुला काय माहीत होतं असं होईल?"

"पाळकांला माहीत होतं की. पुरू म्हणले होते."

मी तणतणत पाळकांकडे गेले. म्हटलं, तुम्ही नवरा आहात, अडवा तिला. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मागं मी तिचं ऐकलं, ते चुकलं, सुमनताई. आता नाही ऐकलं, तर तेही चुकेल." एवढंच. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून आयुष्यात प्रथम ऐकली.

अक्का एकटीच गेली. रहीमभाईंनी तिला प्रवासाला कापडी पिशवी शिवून दिली आणि तोंड फिरवून उभे राहिले. दीड महिना पत्ता नाही. एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि फोन वाजला.

"सुमे, भेटली एक. भाकरीला सगळ्यात जास्त हसायची ती. तिचा थोरला गेला. अन् नवराबी."

"सांगितलंस तू?"

"सांगितलं. थुंकली माझ्या तोंडावर."

मला रडू फुटलं. देवा रे! इतक्या लांब जाऊन, या वयात.

"रडू नको गं," अक्का म्हणाली. "आपल्याकडं समदे म्हणायचे, तुझी काय चूक. ही एकटीच खरं बोलली."

"मग आता ये परत. पुरे झालं."

"नाय. तिची धाकटी तापलीय. रात्रंदिवस कुणीतरी लागतं. ती माझ्याशी बोलत नाय, बघतबी नाय. पण लेकराजवळ बसू देती."