बाहुलीचं बाळंतपण

माझी वहिनी सरकारी दवाखान्याच्या प्रसूती कक्षात मोठी सिस्टर आहे. हाताला यश असं, की अडलेलं बाळसुद्धा तिच्या हातात मुकाट्याने येतं. तोंड मात्र असं, की आलेल्या बाळाला परत जावंसं वाटावं. तिथे कामाला असलेल्या आया तिच्या पाठीमागे तिला भोंगा म्हणतात. कळा देणाऱ्या बायकांसाठी तिचं एक ठरलेलं वाक्य आहे: "तेव्हा बरं रडू नाही आलं? आता कशाला गळा काढतेस?" लेकीच्या वयाच्या पोरींना ती हे बिनदिक्कत ऐकवते आणि वर म्हणते, "त्याशिवाय जोर लावत नाहीत."

तर या कक्षाचा दर्जा सुधारायचं वरून ठरलं. भिंतींना रंग लागला, खाटांमध्ये पडदे आले, आणि बाळंत होणारीजवळ घरची एक बाई बसू शकेल असा नियमही आला. तिच्यासाठी खुर्ची आली. एकच. तपासणी मात्र व्हायची होती रबरी बाहुलीवर. बाहुलीचं बाळंतपण करून दाखवायचं, तिच्याशी सौजन्याने बोलायचं, त्याला गुण. वहिनी घरी आरशासमोर सौजन्य घोकायला लागली. दादा म्हणाला, "माझ्यावर पण थोडा सराव कर की." त्याच्या वाट्याला भोंगाच आला.

तपासणीच्या दिवशी बाहुलीची सोबतीण व्हायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून वहिनीने मला वेठीला धरलं. मी त्या खुर्चीत बाहुलीचा हात हातात घेऊन बसले. समोर दोन तपासनीस.

"ताई, घाबरू नका हं," वहिनी बाहुलीला म्हणाली. "आता मी तुम्हाला तपासणार आहे. चालेल ना?" बाहुलीची काही हरकत नव्हती. "पाणी हवंय? पाठ चोळून देऊ?" इतक्या वर्षांत तिने मला कधी एवढ्या गोडीने चहा विचारलेला नाही.

पडद्यापलीकडे एक खरी पोर विव्हळत होती. पहिलटकरीण. तिची आई दाराबाहेर, कारण आत खुर्ची मोकळी नव्हती. कळ आली की पोर आईला हाक मारायची आणि दाराआडून "आहे गं, इथंच आहे!" असं ऐकू यायचं. माझ्या वेळी माझी आईही त्याच दाराबाहेर उभी होती.

एक मोठी कळ ओसरल्यावर पडद्यामागून आवाज आला, "सिस्टर, तिला सोडा की हो! ती रबराची आहे!"

तपासनीस लिहायचे थांबले. वहिनीचं सौजन्य जागच्या जागी आटलं. "ए, गप! तपासणी चाललीये कळत नाही? तेव्हा बरं रडू..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठले. बाहुलीचा हात सोडला, खुर्ची उचलून पडद्यापलीकडे नेली आणि दार उघडून त्या आईला आत आणून बसवलं. अडवणार कसे? नियमच होता.

मागोमाग वहिनी आली. बाळ अगदी जवळ आलं होतं, आणि कामाच्या वेळी ती दुसरीकडे बघत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण घोकलेलं तोंडात बसलं होतं. "ताई," ती म्हणाली, "आता मी हात लावणार आहे. चालेल ना?" पोर कळ विसरून तिच्याकडे बघतच राहिली. मग आईचा हात धरून तिने असा जोर लावला, की भोंग्याची गरजच पडली नाही.

निकाल तिथेच लागला. बाहुलीशी बोलण्याला पैकीच्या पैकी. सोबतीण बाहुलीला टाकून गेली म्हणून गुण कापले. खऱ्या बाळंतपणाचा उल्लेख नाही. ते तपासणीत धरलेलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी माझ्यावर धुसफुसत भाजी चिरत होती. मध्येच सुरी थांबली. "ती पोरगी माझा हात सोडेना गं." मग सुरी खाली ठेवून, "तुझ्या वेळी... तुलाही म्हटलं होतं का मी तसलं काही?"

मला वाटायचं, ती विसरल्याचं सोंग करते. तिला खरंच आठवत नव्हतं. मला शब्द न् शब्द आठवतो.

"म्हटलं होतंस. आई दाराबाहेर ऐकत होती."

वहिनीने आतल्या खोलीकडे पाहिलं. आई तिथे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सासूबाई मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"कशी बोलेल? तिच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण व्हायचं होतं ना अजून," मी म्हणाले. "तुझ्याच हातून."