सुमनअक्कांचं ‘पान’

सुमनअक्का मोठ्याने वाचत असल्या, की पान उलटायच्या जागी थांबून “पान” असं म्हणायच्या. के. आर. पुरमजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्या कपाटाआड बसून एक जाडजूड कादंबरी मोबाइलवर रेकॉर्ड करत होत्या. मला हातानेच थांबायची खूण केली, “पान” म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. मी आठवडाभर ऑफिसात पिळून निघालेली. परत जावंसं वाटलं होतं.

अक्कांचं घराणं कधीचं बेंगळुरूत मुरलेलं. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून त्या निवृत्त झाल्या होत्या. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा त्या शेजारी बसून वाचत. पुस्तक मात्र सासऱ्यांच्या मांडीवर असे आणि “पान” म्हटलं की पान ते उलटत. “हातात पुस्तक नसेल तर माणूस नुसता ऐकतो गं,” अक्का म्हणत. “त्यांना वाचायचं होतं.”

त्यावरूनच त्यांनी नजर अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी ही सोय काढली. पुस्तकाबरोबर एक छोटा स्पीकर, त्यात पुस्तकाचं रेकॉर्डिंग. मलाही वाचायला बसवलं. रविवारीही माझा आवाज ओढल्यासारखा यायचा. “दमलेल्या आवाजात वाच, चालतं,” त्या म्हणाल्या. “ऐकणारेही दमलेलेच असतात.”

उद्‌घाटनाला फलक लावला, खुर्च्या मांडल्या, कॉफी सांगितली. कुणी आलं नाही. म्हणजे माणसं आली, पण फलकाकडे पाठ करून नेहमीसारखी पुस्तकं घेऊन गेली. दिसत नाही हे चारचौघांत कोण कबूल करणार? कुलकर्णीकाका तर दर आठवड्याला पुस्तक नेत आणि न वाचताच परत आणत. अक्का विचारत, “वाचून झालं?” “झालं की!” “सरी, बरं.” त्या पुढे काही विचारत नसत.

उरलेली कॉफी आम्ही दोघींनीच प्यायली. मी म्हटलं, “जाऊ दे ना अक्का, नकोय त्यांना.” त्यांनी मान हलवली. दुसऱ्या रविवारी फलक माळ्यावर गेला. काकांच्या पिशवीत पुस्तकाखाली स्पीकर सरकवत त्या एवढंच म्हणाल्या, “हेही राहू दे. डोळ्यांना स्वल्प विश्रांती.”

काकांनी तो परत केला नाही. पुढे त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, मामंजी पुन्हा पुस्तक घेऊन बसायला लागलेत, पानंसुद्धा स्वतः उलटतात. अक्कांनी चष्मा काढून पुसला. हळूहळू बऱ्याच पिशव्यांत स्पीकर जाऊ लागले.

मग अक्का वाचताना अडखळायला लागल्या. एक ओळ दोनदा यायची, एखादी गळायची. काचबिंदू होता, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. “आता तू वाच, माझा घसा बसलाय,” एवढंच म्हणून त्यांनी अर्धी राहिलेली कादंबरी माझ्याकडे दिली. मी पूर्ण केली. त्यानंतर त्याही दर रविवारी एक पुस्तक घरी नेऊ लागल्या आणि परत आणू लागल्या. मी विचारायची, “वाचून झालं?” त्या म्हणत, “झालं की.” मला रडू यायचं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती.

शेवटी एका रविवारी तीच कादंबरी मी त्यांच्या पिशवीत घातली आणि खाली स्पीकर सरकवला. “हेही राहू दे अक्का. डोळ्यांना स्वल्प विश्रांती.”

त्या थबकल्या. पिशवीवरून हात फिरवला. जिन्याचा कठडा धरून उतरून गेल्या.

पुढचा आठवडा मला फार जड गेला. आपण त्यांना दुखावलं, आता त्या यायच्या नाहीत, असं बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज वाटायचं.

रविवारी त्या आल्या. नेहमीच्या खुर्चीत टेकल्या, दम खाल्ला, मग कादंबरी टेबलावर ठेवून माझ्यावर डाफरल्या, “लग्नाच्या प्रसंगात एकदा ‘पान’ म्हणायला विसरलीस. पुढचं सगळं लग्न मी मागच्याच पानावर वाचलं.”