एका कार्डात सगळी वस्ती

लंकाआत्याला लिहिता येत नव्हतं, हे आमचे नातेवाईक दबक्या आवाजात सांगतात. मी मोठ्यानं सांगतो. लिहिता येणारा कारकून ऊसतोडीच्या टोळीत होताच की, आणि त्यानं काय दिवे लावले ते कळेलच.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमच्या पाथर्डीकडच्या वस्तीतल्या निम्म्या घरांतली माणसं दिवाळीनंतर बैलगाड्या घेऊन नेवाशाकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला जायची. घरी खुशाली कळवायची तर मुकादमाच्या कारकुनाची मनधरणी करावी लागे. तो सवडीनं एकेकाचं पोस्टकार्ड लिही, आणि इकडं ते वाचायला मास्तर गाठावा लागे. आत्याला याचा भयंकर संताप यायचा. “निरोप समद्यांचा एकच असतोय,” ती म्हणायची, “मग कार्डं इतकी कशाला?”

तिनं फाटक्या स्लिपरच्या रबराचे ठसे कोरले. आमच्याकडं बैलाच्या मांडीवर डागायची खूण प्रत्येक घराची वेगळी. कुणाची चंद्रकोर, कुणाचा त्रिशूळ, आमचा विंचू. आत्यानं ती खूण हेच घराचं नाव धरलं. खाली टिकली असली तर माणसं बरी, रेघ असली तर कुणीतरी आजारी. तेलात काजळी खलून सगळी घरं एकाच कार्डावर उमटवायची आणि पत्ता तेवढा पोस्टातल्या माणसाकडून लिहून घ्यायचा. वस्तीवर ते कार्ड पिठाच्या गिरणीत लागे आणि दळणाला आलेल्या बायका आपापलं घर बघून घेत. पहिल्या कार्डात चंद्रकोर उलटी उमटली. उलटी कोर ही शेजारच्या घराची खूण, त्यामुळं दोन्ही घरांत दिवसभर भांडण झालं. मग आत्या ठसे उलटे कोरायला शिकली.

एका हंगामात टोळीच्या बैलांना लाळ्या-खुरकूत झाली. गाड्या अडल्या. रंगनाथ मुकादमानं वस्तीवरून आणखी बैलजोड्या आणायचं ठरवलं आणि कारकुनाला सगळ्यांच्या कार्डात ‘सर्व खुशाल’ लिहायला लावलं. त्या जोड्यांत माझ्या वडिलांची, म्हणजे कानिफनाथांची, घोडेगावच्या बाजारातून नुकतीच आणलेली जोडी होती. घरात दुसरं काही नव्हतं. ते बैल त्या रोगात गेले असते तर आम्ही संपलो असतो.

“म्या खोटं कळवनार न्हाई,” आत्यानं मुकादमाला तोंडावर सांगितलं.

तो हसला. “तुझी रांगोळी कोन वाचतंय? पाठव.”

आजारी बैलाचा ठसा तिच्याकडं नव्हता. तिनं प्रत्येक घराची खूण आडवी उमटवली आणि खाली टिकली नीट सरळ ठेवली. गिरणीत आधी सगळे म्हणाले, लंकाबाई पुन्हा चुकली. माझे वडील मात्र बराच वेळ कार्डापुढं उभे राहिले. “एक घर चुकंल,” ते म्हणाले, “समदी कशी चुकत्याल? मानसं बरी हायत. बैल पडल्यात.”

मुकादम वस्तीवर आला, तेव्हा एकाही घरानं बैलाचं दावं सोडलं नाही.

तो कारखान्यावर परतला तो थेट आत्याच्या पाचटाच्या कोपीपुढं. सगळी टोळी गोळा झाली. “काय कळवलंस तू गावाला?”

“बैल पडल्यात म्हून कळवलं. खरं त्येच कळवलं.”

“आन् माज्या नावानं कंचा ठसा लावलास?”

आत्या हातातला कोयता खाली न ठेवता म्हणाली, “तुमच्या नावानं काय लावायचं, मुकादम? तुमाला बैल हायती कुठं?”