मठाची खडी

आमच्या कुरुळीच्या शेतात एक मठ होता. होता म्हणजे काय, काळ्या दगडाच्या तीन खोल्या, त्यातल्या दोन बसलेल्या, आणि साधू ओळीनं जेवायला बसत तो लांब दगडी ओटा. मठ यादवांच्या काळचा, असं शाळेचे मास्तर सांगत. साधू नाथपंथी की दुसरे कुठले, यावरून गावात दोन तट होते आणि दोघांनाही काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक, की मठाच्या दिवाबत्तीसाठी आमच्या पूर्वजांना ती जमीन मिळाली. वडील गेल्यावर शेती आणि दिवा, दोन्ही आईकडे आलं.

आईच्या तोंडात अभद्र शब्द येत नसे. तिच्या बोलण्यात बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ ती फोडायची नाही, वाढवायची. "आपल्या घरात काही मोडतच नाही बघ," अशी मी तिची चेष्टा करायचो.

पुढे पिंपरीला कारखाना झाला आणि मी तिथं लागलो. पावसाळ्यात सायकल चिखलात रुतायची, कामावर बोलणी बसायची. हमरस्त्यापर्यंत पक्का रस्ता हवा, म्हणून चावडीवर मीच घसा कोरडा करायचो. रस्ता मंजूर झाला. आता खडीला दगड हवा होता.

एका सकाळी, मी कामावर असताना, रस्त्याचा मुकादम नारळ घेऊन दारात आला. आई भाकऱ्या थापत होती.

"आई, मठात नारळ वाढवू का?"

"वाढवा की बाबा. देवाच्या कामाला इचारायचं काय?"

तिला वाटलं, कुणाचा नवस असेल. त्याला वाटलं, मालकिणीनं काम सुरू करायला सांगितलं. मी परतलो तेव्हा ओटासुद्धा उरला नव्हता. दिवा पदराआड धरून आई ढिगापाशी उभी होती.

"म्याच व्हय म्हनले रं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मुकादमाला मी नाही नाही ते बोललो. बोलताना आतून मात्र बरं वाटत होतं, कारण आता रस्ता होणार होता. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

रस्ता झाला. आई त्यावर कधी चालली नाही. "देवाची जागा तुडवू कशी?" म्हणायची आणि कडेच्या चिखलातून जायची. मी सायकलवरून तिच्या शेजारून निघून जायचो. घंटी वाजवायचा धीर व्हायचा नाही.

काही वर्षांनी, ऐन पावसाळ्यात ती गेली. तिरडी रस्त्याला लागली तेव्हा मला आठवलं.

"कडेनं चला," मी म्हणालो.

खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे चिखलात उतरले. तिला आम्ही मातीवरूनच नेलं.

परतताना माझे पाय दुखत होते. मी रस्त्यानंच आलो.